एका गटातल्या दोघी

सत्तरी गाठल्यावर माणसाला नवे नातेवाईक मिळत नाहीत, असलेलेच एकेक करून कमी होतात. वैजयंताबाई माळवदेंना मात्र सत्तराव्या वर्षी सरकारी निरोपातून एक नातेवाईक मिळाला, आणि तोही जंतूंच्या ओळखीने.

निरोप आला तेव्हा त्या साताऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मटार सोलत बसल्या होत्या. ‘निर्मळ श्वास’ मोहिमेत त्यांनी महिन्यापूर्वी रक्त दिलं होतं. २०४३ साल उजाडेपर्यंत देशातला खोकणारा क्षय जवळजवळ संपला होता, आता न खोकणाऱ्या क्षयाची पाळी होती. म्हणजे ज्यांना काहीही होत नाही, पण ज्यांच्या छातीत चार-दोन जंतू वर्षानुवर्षं निजून आहेत, अशी कोट्यवधी माणसं. आपलं नाव त्या यादीत आलं याचं वैजयंताबाईंना नवल वाटलं नाही. एकतीस वर्षं छातीच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईत हे जंतू नसतील तर कुणात असणार? नवल होतं ते शेवटच्या ओळीचं.

‘आपल्या जंतूंच्या कुळातील आणखी एक व्यक्ती मोहिमेत आढळली आहे. गट क्रमांक ४११७. सदस्य दोन. दोघांची संमती असल्यास नावे कळवली जातील.’

दवाखान्यातली कुणी जुनी सिस्टर असेल, या अंदाजाने त्यांनी होकाराचं बटण दाबलं. चौथ्या दिवशी नाव आलं. केतकी दिनकर रणखांबे, वय अठ्ठेचाळीस, मुक्काम वाई. वैजयंताबाईंनी चष्मा पुसून नाव पुन्हा वाचलं. ही त्यांच्या अक्काची मुलगी. तिला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती, आणि तिच्या एकाच पायात चप्पल होती.

हे कूळ काढायचं प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं. शरीरात जंतू शिरला की राखणदार पेशी त्याला गिळतात. गिळलेला जंतू पेशीतल्या एका पिशवीत पडतो, त्या पिशवीला आम्लाने भरलेली दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू विरघळतो. बहुतेक जंतूंची गोष्ट इथेच संपते. क्षयाचा जंतू मात्र आपल्या पिशवीला आतून कडी घालतो. आम्लाची पिशवी दाराशी येते, ताटकळते आणि माघारी जाते. मग हा पठ्ठ्या राखणदाराच्याच पोटात संसार थाटतो. साखरेवर भागत नाही म्हणून पेशीतल्या चरबीवर जगायला शिकतो. हवा कमी पडली की सगळं कामकाज मंद करतो. शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधतं, तर त्या भिंतीआड तो तीस-चाळीस वर्षं निवांत पडून राहतो. इतका निवांत, की जुन्या औषधांना तो सापडायचाच नाही, कारण ती वाढत्या जंतूवर चालायची. नवं औषध जंतूच्या वाटेला जातच नव्हतं. ते फक्त कडी काढायचं, पुढचं काम पेशी आपलं आपण करायची. नाकातोंडाने ओढायच्या त्या औषधाला लोकांनी लगेच ‘कडीचा फवारा’ असं नाव देऊन टाकलं.

आणि कडी काढण्याआधी मोहीमवाले जंतूच्या जनुकांची अक्षरं वाचून घ्यायचे. प्रत्येक माणसाच्या पेशीतलं राहणीमान वेगळं असतं. तिथे टिकायचं तर जंतूला आपल्यात थोडा बदल करावा लागतो, आणि तो बदल त्याच्या पुढच्या पिढ्यांत उतरतो. त्यामुळे कुठला जंतू कुणाच्या घरी राहून आला, हे ओळखता येऊ लागलं होतं.

वैजयंताबाईंना हे सगळं समजत होतं, आणि म्हणूनच त्यांना धसका बसला होता. पंचेचाळीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, त्याचा आता कागद निघणार होता.

अक्काचं नाव शालन. आईवडील लवकर गेले, तेव्हा सात वर्षांनी मोठ्या अक्काने वैजूला आपल्या संसारात आणलं, लॅबचा कोर्स करायला लावला, आणि घाटमाथ्यावरच्या छातीच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. दाजी पाटबंधारे खात्यात होते, त्यांची वसाहत दवाखान्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. वैजू तिथेच राहायची. काय दिवस होते ते. जंतू रंगवायच्या लाल रंगाने वैजूची बोटं कायम गुलाबी असायची, आणि अक्का तिला पिठाच्या परातीला हात लावू द्यायची नाही. “तुझ्या गुलाबी भाकऱ्या तुझ्या नवऱ्याला घाल,” म्हणायची. अक्काला गाणी फार आवडत, पण कुठल्याही गाण्याची पहिली ओळ तिला कधी आठवायची नाही, ती आपली दुसऱ्या ओळीपासून सुरू करायची. संध्याकाळी वैजू घरी आली की दोघी मागच्या पायरीवर गवती चहा घेऊन बसायच्या, मधे केतकी काचपट्ट्यांच्या रिकाम्या खोक्यांची आगगाडी करायची. वैजयंताबाईंनी पुढे लग्न केलं नाही, त्याचं कारण लोक काहीबाही सांगत. खरं कारण एवढंच होतं की, त्या पायरीवर बसल्यावर जसं वाटायचं, तसं त्यांना पुन्हा कुठेच वाटलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्टेंबरात अक्का गेली. वय बत्तीस, पोटात नववा महिना. क्षय होता हे कळलं ऑगस्टमध्ये, तोवर दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. तेराव्यानंतर दाजींनी सामान बांधलं, केतकीला कडेवर घेतलं आणि दारात उभं राहून म्हणाले, “दवाखान्यातला रोग तू घरात आणलास, वैजू. आता माझ्या पोरीच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.”

रोग कपड्यांना चिकटून येत नाही, हे वैजूला ठाऊक होतं. पण आदल्या पावसाळ्यात तिला स्वतःला महिनाभर खोकला होता, आणि जगाचे बेडके तपासणाऱ्या वैजूने स्वतःचा तपासला नव्हता. खोकला आपोआप गेला होता. जाताना तो अक्काला रोग देऊन गेला असेल, हे तिने त्या दारातच मान्य करून टाकलं. केतकीला तिने वाढदिवसाला फ्रॉक पाठवले, ते तीनदा परत आले. चौथ्यांदा तिने पाठवला नाही.

केतकी गुरुवारी दुपारी आली. एका हातात टॅबलेट, दुसऱ्या हातात पिशवीत पेरूचं कलम. वाईला तिची रोपवाटिका होती. नाक थेट दाजींचं, पण जिना चढून आल्यावर कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची तऱ्हा अक्काची, आणि ती तर हिला आठवणंही शक्य नव्हतं.

“मावशी म्हटलं तर चालेल ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“दुसरं काय म्हणणार,” वैजयंताबाई म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या, कारण तिथे क्षणभर ओट्याला धरून उभं राहता येत होतं.

“बाबा दोन वर्षांपूर्वी गेले,” केतकी बसल्यावर म्हणाली. “शेवटपर्यंत त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. तुमच्यामुळे आई गेली, एवढंच मला लहानपणापासून माहीत. म्हणून गटात तुमचं नाव दिसलं तेव्हा खरं सांगू, मला रागच आला. वाटलं, हा घ्या पुरावा. केंद्रावर गेले आणि म्हटलं, कुणाकडून कुणाकडे गेला ते मला काढून द्या.”

“मग?”

“तुमच्या त्या दवाखान्यातल्या जुन्या काचपट्ट्या मोहिमेने उचलल्यात, माहितीय? लाकडी पेट्याच्या पेट्या होत्या म्हणे गोदामात. त्यांत आईची पट्टी मिळाली. ऑगस्टमधली, जंतूंनी भरलेली. रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचीही अक्षरं वाचता येतात आता.” केतकीने टॅबलेट समोर धरला. “आईच्या अंगात रक्त कमी होतं का हो?”

“फार. तांबडा माठ, गूळ-शेंगदाणे, सगळं करून झालं. केतकीच्या वेळी, म्हणजे तुझ्या वेळी सुद्धा सातच होतं हिमोग्लोबिन.”

“तेच. जंतूलाही लोह लागतं. आईच्या पेशीत त्याची मारामार, म्हणून तिच्यात जे जंतू टिकले त्यांनी लोह ओरबाडून घ्यायची एक खास सोय करून घेतली. अशी सोय क्वचित दिसते म्हणाले. ती माझ्यातल्या जंतूत आहे, ते समजू शकतं, मी तिच्या कुशीत झोपायचे. पण ती तुमच्यातल्या जंतूतही आहे. तुमचं रक्त तर कायम चांगलं होतं, केंद्रावर नोंद आहे. तुमच्यात राहून जंतूला ही सोय करायची गरजच नव्हती. शिवाय आईच्या जंतूतले सगळेच्या सगळे बदल तुमच्यात आहेत, आणि वर तुमचे दोन. आमच्याकडे कलमाचं असंच असतं, फांदीवरून झाड ओळखता येतं.” केतकीने टॅबलेट मांडीवर ठेवला. “तू नाही दिलास मावशी. तिने तुला दिला. तिला कुठून आला देव जाणे. एसटीत, लग्नकार्यात, कुठूनही. आणि बाबांनी तुला उगीच…”

ती ‘तू’ म्हणाली हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. वैजयंताबाईंच्या मात्र आलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पुष्कळ वेळ तो काढला नाही. दारातल्या त्या वाक्याखाली त्यांनी सबंध आयुष्य काढलं होतं, आणि आता ते वाक्यच खोटं निघालं होतं. मग चहा झाला. मग दुसरा चहा झाला. केतकीने विचारावं आणि वैजयंताबाईंनी सांगावं, असं दोन तास चाललं. गुलाबी भाकऱ्या, दुसऱ्या ओळीपासूनची गाणी, खोक्यांची आगगाडी. केतकी हसली, रडली, आणि म्हणाली की दिवाळीला तू वाईलाच यायचं, मी काही ऐकणार नाही.

“अजून एक पट्टी मिळालीय आईची,” निघता निघता ती म्हणाली. “फेब्रुवारीतली. नंबरावरून सापडली. यंत्राने सगळी तपासली, एकही जंतू नाही. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत ती ठणठणीत होती आणि रोग नंतर भराभर वाढला. कुणाचीच चूक नव्हती बघ. तूच तपासली असशील ना ती?”

वैजयंताबाईंनी टॅबलेट हातात घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. डोळे म्हातारे झाले तरी सवय म्हातारी होत नाही. पहिल्या दहा सेकंदांत त्यांना जे कळायचं ते कळलं.

जंतूची गुलाबी काडी एकही नव्हती, यंत्राचं बरोबर होतं. पण यंत्राला काड्या शोधायला सांगितलं होतं, नमुना कशाचा आहे ते बघायला नाही. पट्टीभर मोठ्या, चपट्या, कोपरेवाल्या निळ्या पेशी पसरल्या होत्या. या पेशी गालाच्या आतून सुटतात. छातीतून खोकून काढलेल्या बेडक्यात बारीक पुवाच्या पेशींची दाटी असते, इथे औषधालाही एक नव्हती. ही तोंडातली लाळ होती. लाळेत क्षयाचे जंतू शोधणं म्हणजे विहीर सोडून ओट्यावर पाणी शोधणं.

आणि मग त्यांना ती सकाळ आठवली.

दवाखान्यात हीच वैजू रोज पन्नास जणांना खणखणीत आवाजात सांगायची, “थुंकी नको मला, बेडका पाहिजे. पोटातून खोका आणि बेडका द्या.” कारण कागदावर ‘थुंकी तपासणी’ असं छापलेलं असायचं, आणि ते वाचून माणसं बिचारी नुसती थुंकून मोकळी व्हायची. पण त्या सकाळी घरात दाजींचे साहेब पोहे खात बसले होते. अक्काला खोकला लागून तीन आठवडे झाले होते, नुकतेच दिवस राहिले होते म्हणून डॉक्टर एक्स-रे नको म्हणाले होते, नुसती तपासणी करून घ्या म्हणाले होते. साहेबांच्या पुढ्यात पोह्यांची बशी, आणि बेडका हा शब्द वैजूच्या तोंडून निघेना. तिने डबी अक्काच्या हातात देऊन हळूच म्हटलं, “अक्का, यात थुंकी दे.” अक्का मोरीत गेली, नीटनेटकेपणाने थुंकली, झाकण लावून, हात धुऊन डबी घेऊन आली. पातळ, फेसाळ नमुना वैजूने पाहिला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर तिने परत पाठवला असता. तीन नमुने घ्यायचा नियम होता, घरचं माणूस म्हणून एकावर भागवलं. उद्या सकाळी पुन्हा घेऊ, असं मनात म्हणाली आणि ते राहून गेलं. निकालाच्या रकान्यात तिने ‘निगेटिव्ह’ लिहिलं, आणि त्या एका शब्दावर सगळं घर सहा महिने निर्धास्त राहिलं. खोकल्याला अडुळशाचं औषध चालू होतं.

मोठ्या अपराधाच्या ओझ्याखाली हा अपराध इतकी वर्षं त्यांना दिसलाच नव्हता.

केतकी चपला घालत होती. ही पट्टी वाचू शकेल असं माणूस आता आसपास कुणी उरलं नव्हतं, यंत्रानेही शिक्का मारला होता. गप्प बसलं की झालं, दिवाळीला वाई. वैजयंताबाईंना ती दिवाळी फार हवी होती. पण एकतीस वर्षांत त्यांनी न पाहिलेलं कधी लिहिलं नव्हतं, आणि पाहिलेलं कधी दडवलं नव्हतं. तो एक निकाल सोडून.

“केतकी, बस जरा,” त्या म्हणाल्या. “ही पट्टी निगेटिव्ह नाही. हिच्यात बेडकाच नाही.”

त्यांनी सगळं सांगितलं. साहेब, पोहे, डबी, शब्द. काही गाळलं नाही. केतकी ऐकत होती, एक चप्पल पायात आणि एक हातात.

“फेब्रुवारी ते ऑगस्ट,” ती शेवटी म्हणाली. “तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर?”

“जगली असती. बहुतेक करून जगली असती.”

“आणि पोटातलं?”

“तेही.”

“इतका खोकला होता तर ती स्वतः काही बोलली कशी नाही?”

“मी तपासलं होतं ना,” वैजयंताबाई म्हणाल्या. “दाजी दोनदा म्हणाले मोठ्या डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, आमच्या वैजूने बघितलंय, काही नाही त्यात.”

केतकीने दुसरी चप्पल घातली, टॅबलेट पिशवीत ठेवला. दाराशी थांबली. तिचे बाबा जसे थांबले होते तसं वैजयंताबाईंना क्षणभर वाटलं, पण ती ओरडली नाही.

“बाबांनी तुम्हाला चुकीच्या कारणासाठी तोडलं,” ती म्हणाली. “आता मला बरोबर कारण मिळालंय. त्याचं काय करायचं ते मला ठरवू द्या.”

ती जिना उतरून गेली. ‘तुम्ही’ मात्र घरात राहिलं, आणि पुढचे कित्येक दिवस वैजयंताबाईंना स्वयंपाक करताना ऐकू येत राहिलं.

फवारा सात दिवस ओढायचा होता. पहिल्या दिवशी वैजयंताबाई तो हातात धरून गॅलरीत बसून राहिल्या. अक्काची पातळं भावकीत वाटली गेली, दागिने दाजींनी नेले, एकुलता एक फोटो ओल लागून गेला. अक्काच्या अंगात राहून आलेलं, तिच्या रक्ताची ओढाताण अजून लक्षात ठेवलेलं असं जगात जिवंत काही असेल तर ते हे जंतू, इथे आणि वाईला. त्यांनीच तिला मारलं हेही तितकंच खरं. असल्या जंतूंसाठी डोळ्यांत पाणी यावं हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हतं, आणि लॅबवाल्या बाईला तर मुळीच शोभत नव्हतं. तरी ते आलं. मग त्यांनी फवारा तोंडाला लावला आणि सांगितल्याप्रमाणे खोल श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारातून मोठी कुंडी आणून त्यात पेरूचं कलम लावलं.

वाईहून फोन आला नाही. दिवाळी आली आणि गेली. त्यांनी दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला, कारण ठरवायचं तिने होतं.

जानेवारीत पुन्हा रक्त गेलं, आणि आठवड्याने मोहिमेचा निरोप आला. ‘गट क्रमांक ४११७. दोन्ही सदस्य जंतुमुक्त. सदस्यसंख्या शून्य. गट बंद करण्यात येत आहे.’ सरकारी भाषेत अभिनंदनाचं एक वाक्यही होतं. ते वाचत असतानाच फोन वाजला.

“मी केतकी. गट बंद झाला आपला. निरोप मिळाला असेल.”

“मिळाला.”

“म्हणजे आता आपला एकमेकींशी काही संबंध उरला नाही. कागदोपत्री.”

“नाही उरला,” वैजयंताबाई म्हणाल्या.

पलीकडे नळीने कुणी रोपांना पाणी घालत असावं, त्याचा आवाज येत होता. मग तो आवाज बंद झाला.

“रविवारी अकराच्या गाडीने येते मी,” ती म्हणाली. “तू घरी असशील ना?”